इच्छामरण, दयामरण आणि आपण

मरणाविषयी बोलू नये, असा आपल्याकडे जुना संकेत आहे. मांडवात कुणी अभद्र शब्द काढला, तर ‘शुभ बोल नाऱ्या’ म्हणून त्याला गप्प करतात. दिवेलागणीच्या वेळी तर हा विषय वर्ज्यच. आणि आमच्यावर नेमकी वसंतातल्या संध्याकाळी, दिवेलागणीलाच त्यावर बोलण्याची पाळी आली. श्रोत्यांनी तेव्हा उदार मनाने ऐकून घेतले. वाचकांनीही तीच कृपा करावी, एवढीच विनंती. हा प्रश्न आता तत्त्वज्ञांच्या पोथीत किंवा न्यायमूर्तींच्या निकालपत्रात राहिलेला नाही. तो इस्पितळातल्या अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकापर्यंत येऊन पोचला आहे, आणि त्या बाकावर आज ना उद्या आपल्यापैकी प्रत्येकाला बसावे लागणार आहे.

आम्ही त्या बाकावर एकदा बसलो आहोत. काही वर्षांपूर्वी आमचे थोरले बंधू मेंदूतील रक्तस्रावाने बेशुद्ध झाले. वय ऐंशीच्या पुढे. श्वास यंत्राच्या आधाराने चाललेला, अन्न नळीवाटे, मूत्रपिंडेही थकलेली. नवव्या दिवशी डॉक्टरांनी आम्हांला बाहेर बोलावले आणि शांतपणे विचारले, ‘पुढे काय करायचे, ते घरच्यांनी ठरवावे.’ वहिनी, त्यांचे दोन मुलगे, एक मुलगी आणि आम्ही, असे पाच जण उभे होतो. ज्या माणसाने विजेच्या बिलांच्या पावत्यासुद्धा सालवार लावून ठेवल्या, घराचे मृत्युपत्र दोनदा दुरुस्त केले, त्याला अशा प्रसंगी काय हवे होते, हे पाचांपैकी एकालाही ठाऊक नव्हते. मोठा मुलगा म्हणाला, ‘होतील तेवढे सर्व उपाय करा.’ मुलगी म्हणाली, ‘आता त्यांचे हाल थांबवा.’ दोघांची माया सारखीच होती. चार दिवसांनी निसर्गानेच निकाल दिला. पण बहीणभावांच्या मनात त्या दिवशी पडलेली अढी अजून पुरती सुटलेली नाही. ह्या विषयाचा आम्ही जो थोडाफार अभ्यास केला, तो त्या दिवसापासून.

प्रथम शब्दांचा घोळ निस्तरला पाहिजे. ‘इच्छामरण’ आणि ‘दयामरण’ हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, आणि त्यांच्या पोटात निदान चार निरनिराळ्या गोष्टी कोंबतो. वैद्याने टोचणी देऊन रोग्याचा प्राण घेणे ही एक गोष्ट. हिला ‘सक्रिय’ दयामरण म्हणतात. वैद्याने औषध लिहून द्यावे आणि ते रोग्याने स्वतःच्या हाताने घ्यावे, ही दुसरी. जे उपचार रोग बरा करीत नाहीत, केवळ मरण लांबवितात, ते थांबविणे किंवा मुळात सुरूच न करणे, ही तिसरी. हिला ‘निष्क्रिय’ असे नाव पडले आहे. आणि जीवितकार्य संपले असे मानून माणसाने स्वतःच अन्नपाणी सोडणे, म्हणजे प्रायोपवेशन, ही चौथी. ह्या चारींना एकच नाव दिले की वाद करणारे दोन्ही पक्ष एकमेकांशी न बोलता आपापल्या सावलीशी झुंजू लागतात.

आपल्याकडे हा विषय निघाला की भीष्माचे नाव येतेच. पण भीष्माने आपल्या वराचा उपयोग कसा केला, हे फारसे कोणी पाहत नाही. शंतनूने दिलेल्या त्या वराच्या बळावर त्याने मरण ओढवून घेतले नाही. उलट उत्तरायण लागेपर्यंत थोपवून धरले. दुसरीकडे, शरीरात रुतलेले बाण काढण्यासाठी दुर्योधनाने कुशल वैद्य आणले, तेव्हा त्याने त्यांना सन्मानाने परत पाठविले; आता ह्या उपचारांचे काम उरले नाही, असे सांगितले. मरणाची घाई नाही आणि निष्फळ उपचारांची हावही नाही, अशी ती वृत्ती होती. ह्या लेखात पुढे जे सांगावयाचे आहे, त्याचे बीज ह्या प्रसंगात आहे.

ज्ञानेश्वरांची १२९६ सालची आळंदीची संजीवन समाधी आपल्याला परिचित आहे. अलीकडच्या काळात स्वातंत्र्यवीर सावरकरांनी १९६६ सालच्या फेब्रुवारीत अन्न व औषध सोडून देह ठेवला, आणि विनोबा भाव्यांनी १९८२ सालच्या नोव्हेंबरात पवनारच्या आश्रमात तोच मार्ग पत्करला. जैन समाजात सल्लेखनेचे व्रत प्राचीन आहे. २०१५ सालच्या ऑगस्टमध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने ते व्रत आत्महत्येसारखाच गुन्हा ठरविले. पण त्याच महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. ही परंपरा थोर आहे, परंतु तिच्यातून आजच्या प्रश्नाचे उत्तर मिळते असे समजणे चुकीचे ठरेल. ह्या सर्व उदाहरणांत निर्णय घेणारा शुद्धीवर होता, निर्णय त्याचा स्वतःचा होता आणि त्यात दुसऱ्या कुणाचा हात नव्हता. आमच्या बंधूंच्या खाटेपाशी ह्या तिन्हींपैकी एकही गोष्ट नव्हती.

दुसऱ्याच्या हाताचा प्रश्न गांधीजींपुढे १९२८ साली उभा राहिला होता. साबरमतीच्या आश्रमात एक वासरू असाध्य आजाराने तडफडत होते. सर्व उपाय हरले, तेव्हा गांधीजींनी डॉक्टरकडून विषाची टोचणी देववून त्याचा शेवट केला. देशभरातून संतापाची पत्रे आली. अहिंसेचा उपासक गोवत्साची हत्या करतो, हे लोकांना पचेना. गांधीजींनी आपल्या कृतीचे उघड समर्थन केले. दुःखातून सोडविण्यासाठी निःस्वार्थ बुद्धीने घेतलेला प्राण ही हिंसा नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. परंतु माणसाच्या बाबतीत त्यांनी एक फरक दाखविला. आजारी माणसाची सेवा करण्याचे काही ना काही साधन आपल्या हाती बहुधा असते. आणि माणूस स्वतः विचार करू शकतो, आपली इच्छा सांगू शकतो. वासरू सांगू शकत नाही. सबंध वादाची किल्ली ह्या फरकात आहे. ज्याला सांगता येते त्याला विचारले पाहिजे, आणि सांगता येणे बंद होण्यापूर्वी विचारले पाहिजे.

आता पश्चिमेकडे वळू. १९७३ साली नेदरलंड्समधील लेवार्डन येथील न्यायालयापुढे एका स्त्री डॉक्टरचा खटला चालला. पक्षाघाताने खिळलेली आणि मरणाची विनवणी करणारी आपली वृद्ध आई तिने मॉर्फिनची टोचणी देऊन मारली होती. न्यायालयाने तिला दोषी ठरविले, पण शिक्षा दिली ती एका आठवड्याच्या कैदेची, आणि तीही तहकूब. त्या निकालापासून तेथे जी चर्चा सुरू झाली, तिची परिणती २००२ साली अमलात आलेल्या कायद्यात झाली. रोग्याने स्वेच्छेने व पूर्ण विचारांती विनंती केली असेल, यातना असह्य व उपायापलीकडच्या असतील आणि दुसऱ्या स्वतंत्र डॉक्टरने रोग्याला तपासले असेल, तर प्राण घेणारा डॉक्टर तेथे दोषी ठरत नाही. त्याच वर्षी बेल्जियमने असाच कायदा केला. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात १९९७ सालापासून सहा महिन्यांच्या आत मरण येईल अशा रोग्याला औषध लिहून देता येते. मात्र ते त्याने स्वतःच घ्यावे लागते. कॅनडाने २०१६ साली कायदा केला, आणि २०२१ साली ‘मरण जवळ आलेले असावे’ ही अटही काढून टाकली.

ह्या शेवटच्या उदाहरणावर विरोधक बोट ठेवतात. एकदा दार किलकिले केले की ते सताड उघडल्यावाचून राहत नाही, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्यापाशी याहून काळे उदाहरणही आहे. नाझी जर्मनीत १९३९ ते १९४१ ह्या काळात वेडे, अपंग व मतिमंद अशा सत्तर हजारांहून अधिक माणसांना ठार करण्यात आले, आणि त्या कत्तलीला राज्यकर्त्यांनी ‘दयामरण’ हेच नाव दिले होते. समर्थक उत्तर देतात की ती दया नव्हती आणि त्यात इच्छाही नव्हती. खुनाने दयेचे नाव चोरले, म्हणून दया दोषी ठरत नाही. हे उत्तर बरोबर आहे. तरीपण कोणते जीवन जगण्यालायक आहे हे ठरविण्याचा अधिकार त्या माणसाकडून निसटून दुसऱ्याकडे गेला की काय होते, ही धास्ती त्यामुळे नाहीशी होत नाही.

लेवार्डनच्या न्यायालयाने निकाल दिला, त्याच १९७३ सालच्या नोव्हेंबरची २७ तारीख मुंबईच्या परळ भागातील के. ई. एम. रुग्णालय विसरू शकत नाही. तेथील पंचवीस वर्षांची परिचारिका अरुणा शानभाग हिच्यावर रुग्णालयातल्याच एका सफाई कामगाराने अमानुष हल्ला केला. कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला गेल्यामुळे मेंदूचा रक्तपुरवठा तुटला. ती वाचली, पण शुद्धीच्या जगात परतली नाही. त्यानंतर जवळजवळ बेचाळीस वर्षे त्याच रुग्णालयाच्या एका खोलीत तिचा देह राहिला. परिचारिकांच्या पिढ्या आल्या आणि गेल्या. प्रत्येकीने तिला भरविले, न्हाऊमाखू घातले, कूस बदलली.

लेखिका पिंकी विराणी यांनी २००९ साली सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, की हे जीवन नव्हे, हिचे भरविणे थांबवावे. रुग्णालयातील परिचारिकांनी आणि डॉक्टरांनी ह्याला ठाम विरोध केला. एका पक्षाचे म्हणणे, तिला सोडवा. दुसऱ्याचे म्हणणे, ती आमची आहे, आम्ही सांभाळू. ह्यातला एकही पक्ष निर्दय नव्हता. ७ मार्च २०११ रोजी न्या. मार्कंडेय काटजू व न्या. ज्ञानसुधा मिश्रा यांनी अर्ज फेटाळला. अरुणेच्या वतीने बोलण्याचा अधिकार इतकी वर्षे तिची सेवा करणाऱ्यांचा आहे, असे त्यांनी ठरविले. पण त्याच निकालात, उच्च न्यायालयाच्या परवानगीने उपचार थांबविता येतील, असा मार्ग देशात प्रथमच खुला केला. अरुणा १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने गेली. जिच्या नावाने दार उघडले, तिला स्वतःला त्या दारातून जायचे होते की नाही, हे कोणालाच कळले नाही. पंचवीस वर्षांच्या मुलीला असा प्रश्न विचारून ठेवावा, हे कुणाच्या स्वप्नात तरी येईल काय?

कायद्याची वाटचाल समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल, आणि तिचा आरंभही मुंबईतच सापडतो. १९८१ साली मिनू मसानी यांनी सन्मानाने मरण्याच्या हक्कासाठी तेथे संस्था स्थापन केली. १९८६ साली मुंबई उच्च न्यायालयाने आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरविणारे भारतीय दंड संहितेचे कलम ३०९ घटनाबाह्य ठरविले. बोलण्याच्या स्वातंत्र्यात न बोलण्याचे स्वातंत्र्य असते, तसे जगण्याच्या हक्कात न जगण्याचा हक्क येतो, असा त्यामागचा युक्तिवाद होता. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच मत उचलले; पण १९९६ साली ग्यान कौर खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ते उलटविले. जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही, असे त्यांनी सांगितले. मात्र नैसर्गिक मरणापर्यंत माणसाचा सन्मान राखला जाणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग होय, असेही नमूद केले. ह्या एका वाक्याच्या आधारावर पुढची इमारत उभी राहिली. ९ मार्च २०१८ रोजी ‘कॉमन कॉज’ ह्या संस्थेच्या अर्जावर सरन्यायाधीश दीपक मिश्रा यांच्या पाच सदस्यांच्या पीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला, आणि शुद्धीत असताना लिहून ठेवलेल्या वैद्यकीय इच्छापत्राला कायद्याची मान्यता दिली. सक्रिय दयामरणाला मात्र त्या निकालानेही थारा दिला नाही. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली, तीत जुने कलम ३०९ तसे राहिलेले नाही; पण आत्महत्येस साहाय्य करणे आजही गुन्हाच आहे.

येथे एक बिनतोड वाटणारा आक्षेप येतो. अमेरिकन तत्त्वज्ञ जेम्स रेचल्स यांनी १९७५ साली तो मांडला. वारसाहक्काच्या लोभाने एकाने न्हाणीघरात आपल्या लहानग्या आतेभावाला पाण्यात बुडविले. दुसरा त्याच हेतूने गेला, तो पोरगा आपणच घसरून पाण्यात पडलेला. हा नुसता पाहत उभा राहिला. दोघांत नैतिक फरक तो काय? नसेल, तर मारणे आणि मरू देणे ह्यांत फरक करून, उपचार थांबवून रोग्याला सावकाश मरू देणे योग्य व टोचणीने चटकन सोडविणे अयोग्य, असे कसे म्हणता?

ह्या आक्षेपाला आम्ही असे उत्तर देऊ. बुडत्या मुलाला वाचविणे शक्य होते. म्हणून पाहत राहणारा दोषी. ज्या रोग्याला वाचविणे कोणाच्याच हाती नाही, तेथे उपचार थांबविणारा त्याला मारीत नसतो, रोग मारतो. शिवाय नको असलेले यंत्र कुणाच्या देहावर चालवीत राहण्याचा अधिकार डॉक्टरला मुळात कोणी दिला? परंतु हे उत्तर सर्व ठिकाणी पुरे पडते, असा आमचा दावा नाही. अरुणेच्या बाबतीत यंत्र नव्हते, होता तो घास. आणि घास थांबविणे हा उपचार थांबविणे आहे की उपाशी मारणे, ह्यावर सुज्ञ माणसे आजही भांडतात. मारणे आणि मरू देणे ह्यांमधील रेघ तर्काच्या कसोटीवर ठिकठिकाणी पुसट होते. तरीसुद्धा आपल्या समाजात ती रेघ आज राखली पाहिजे, असे आमचे मत आहे.

त्याचे कारण तर्कात नाही, आपल्या घरांत आहे. ‘आता माझा तुम्हांला भार झाला’ हे वाक्य आपण किती म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकतो! २०१७ सालच्या अखेरीस मुंबईतील एका निपुत्रिक वृद्ध दांपत्याने राष्ट्रपतींकडे इच्छामरणाची मागणी केली. त्यांना कोणताही असाध्य रोग नव्हता. परावलंबी होण्यापूर्वी जावे, एवढेच त्यांचे मागणे होते. त्यांची इच्छा खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही. पण जेथे इस्पितळाचे बिल बहुधा कुटुंबालाच भरावे लागते, एक आजारपण घर गहाण टाकावयास लावते आणि म्हातारपणी शुश्रूषेला परके माणूस परवडत नाही, तेथे ‘मला मरू द्या’ ही इच्छा कितपत स्वतंत्र आणि कितपत दारिद्र्याने, लाजेने किंवा सुनेच्या एका उसाशाने घडविलेली, हे कोण सांगणार? हा दबाव उपचार थांबविण्याच्या निर्णयावरही येतो, हे आम्ही कबूल करतो. फरक इतकाच, की तेथे रोग निर्विवाद असतो आणि डॉक्टरांची दुहेरी तपासणी मध्ये असते.

मरण मागणारा पुष्कळदा वेदनेपासून सुटका मागत असतो, हेही विसरता कामा नये. लंडनमध्ये सिसिली साँडर्स यांनी १९६७ साली मरणोन्मुख रोग्यांसाठी सेंट ख्रिस्तोफर हे शुश्रूषागृह उघडले. आपल्या देशातले तसे पहिले घर, शांती आवेदना सदन, १९८६ साली वांद्र्याला सुरू झाले. वेदना शमविणारे मॉर्फिन ह्याच देशातील अफूपासून होते. पण १९८५ सालच्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या धाकाने ते इस्पितळांतून दिसेनासे झाले, आणि ती कडक बंधने सैल व्हायला २०१४ साल उजाडले. ज्या गावात कर्करोगाच्या रोग्याला मॉर्फिनची गोळी मिळत नाही, त्या गावाने त्याला मरणाचा हक्क देऊ करावा, ह्यात दया थोडी आणि सुटका करून घेणे अधिक आहे.

मग आपण काय करावे? एक गोष्ट आजच करता येण्यासारखी आहे. २०१८ सालच्या निकालातील पद्धत फार अवघड होती. इच्छापत्रावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागे. २४ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सुलभ केली. आता हा कागद दोन साक्षीदारांसमक्ष करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यापुढे साक्षांकित केला की पुरे. कोणत्या अवस्थेत कोणते उपचार नकोत, हे त्यात स्पष्ट लिहावे, आणि आपल्या वतीने बोलणाऱ्या विश्वासू माणसांची नावे द्यावीत. एक प्रत त्यांच्याकडे, घरच्या डॉक्टरकडे आणि नगरपालिकेच्या किंवा पंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे राहते. मन पालटले तर कागद केव्हाही बदलता किंवा रद्द करता येतो. पुढे वेळ आलीच, तर इस्पितळातील तीन डॉक्टरांचे मंडळ व त्यानंतर तिघांचे दुसरे मंडळ रोग्याची अवस्था पाहते. प्रत्येकाने शक्यतो अठ्ठेचाळीस तासांत मत द्यावे, असा दंडक आहे. दोन्ही मंडळांचे एकमत झाले, तर न्यायदंडाधिकाऱ्याला कळवून उपचार थांबविता येतात. कागद नसला तरी नातेवाइकांच्या संमतीने हीच वाट आहे. परंतु ती वाट पाच माणसांच्या रडण्यातून आणि भांडणातून जाते, हे आम्ही पाहिले आहे.

घरासाठी, दोन तोळे सोन्यासाठी आपण मृत्युपत्र लिहितो. आपल्या शेवटच्या श्वासाविषयी मात्र एक ओळ लिहीत नाही. कायद्याने दार उघडले, तरी त्यातून कधी आणि कसे जावे, हे घरातल्या माणसांना सांगण्याचे काम कायदा करू शकत नाही. ते आपले आपणच, बोलता येते तोवर, केले पाहिजे.

व्याख्यानानंतर एका गृहस्थांनी आम्हांला विचारले, ‘तुम्ही स्वतः हा कागद केला आहे काय?’ प्रश्न रास्त होता, आणि तेव्हा आम्हांला खाली मान घालावी लागली होती. पुढच्याच आठवड्यात आम्ही लिहावयास बसलो. श्वासाच्या यंत्राविषयीचे वाक्य चटकन उतरले. नळीवाटे अन्नाच्या वाक्यापाशी आमच्या सौभाग्यवतींनी लेखणी थांबविली. ‘तुम्हांला भरविणे मी बंद करायचे? ते माझ्याने होणार नाही,’ त्या म्हणाल्या. मग तासभर आम्ही दोघे, लग्नानंतर प्रथमच, मरणाविषयी मोकळेपणाने बोललो. तो मसुदा अजून पुरा झालेला नाही. त्या एका ओळीवर बोलणे चालू आहे. पण उद्या बाहेरच्या बाकावर बसण्याची वेळ आली, तर निदान त्यांना काय विचारात घ्यावयाचे, ते ठाऊक असेल.